सशांचे आबा

सशांच्या खोलीत आबा कधी चप्पल घालून गेले नाहीत. धुळ्यातल्या आमच्या कॉलेजच्या औषधशास्त्र विभागात ते शिपाई. खोली झाडायची, चारा घालायचा आणि प्रयोग चालू असताना सशाजवळ बसायचं, एवढंच त्यांचं काम. पण लसूणघास आला की आधी स्वतः चावून बघत. मी हसले की म्हणत, "ताई, बठ्ठा मन्हाच शेतस." सगळे ससे त्यांचेच!

माझी पीएच.डी. या सशांच्याच जिवावर चालली होती. मेंदूच्या वरच्या थरावर बारीक तारा बसवायच्या, कानाच्या शिरेतून औषध द्यायचं आणि पलीकडच्या खोलीत यंत्रापाशी बसून मेंदूतल्या लहरी संथ होतात का ते बघायचं. एक दिवस औषध, एक दिवस तुलनेसाठी नुसतं मिठाचं पाणी. औषधाच्या दिवशी लहरी अशा सुरेख संथ होत, की तीन वर्षं माझे पाय जमिनीवर नव्हते.

मग आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येणार म्हणून आबा आठ दिवस एरंडोलला गेले. सशांजवळ विभागातलं कुणीतरी बसलं. औषध दिलं, पण लहरी संथ झाल्याच नाहीत. दुसरा ससा, तिसरा ससा, तेच. नवी बाटली फोडली, तारा तपासल्या, शेवटी जमिनीवर बसून रडले.

परत आल्यावर आबांनी सहज सांगितलं, "औषधनी बाटली देखी का मी त्यासना कानमांगे हात फिरावस. भ्याव वाटस ना त्यासले." पाण्याच्या दिवशी मात्र ते सरळ चहाला जात.

"आबा, माझं वाटोळं केलंत तुम्ही!" मी ओरडले.

"मन्हा हात काय दवाई शे का, ताई?"

होता. म्हणूनच मी बजावलं, सशांना बोट लावायचं नाही. सगळं पहिल्यापासून सुरू केलं. आबा हात मांडीखाली दाबून भिंतीकडे बघत बसत. ससे थरथरत. औषधाने काहीच होत नव्हतं. मुदत संपली, पीएच.डी. राहिली ती राहिलीच.

तारा नेमक्या जागी होत्या का, ते बघायला शेवटी सशांचे मेंदू काढायचे होते. म्हणजे त्यांना कायमचं झोपवायचं होतं. मी सुई भरत असताना आबा जवळ आले.

"ताई, आते तरी हात फिराऊ ना?"

 मी मानेनेच हो म्हटलं. त्यांनी एकेक ससा मांडीवर घेतला, आणि तो शांत होईपर्यंत मी सुई हातात धरून रडत उभी राहिले.