मवालेहमधली थंडी

ओमानमध्ये स्वेटर घालून बसणारी बाई, अशी आमच्या बिल्डिंगमध्ये माझी ख्याती होती. बाहेर जूनचं ऊन रस्ता भाजून काढायचं आणि मी अल मवालेहच्या फ्लॅटमध्ये एसी बंद करून, औरंगाबादहून आणलेला स्वेटर चढवून बसायचे. नवरा इंजिनिअर, दुक्मला बंदराच्या कामावर. पंधरा-पंधरा दिवसांनी घरी यायचा. उन्हात रापून आलेला माणूस, आल्या आल्या एसी लावायचा. मी बंद करायचे. शेवटी तो हॉलमध्ये एसीखाली आणि मी आत गोधडीत. आणि सासूबाई फोनवर विचारणार, "काही गोड बातमी?" कप्पाळ माझं! काय सांगायचं त्यांना?

तशी एकदा बातमी होती. तिसरा महिना लागायच्या आतच गेली. तेव्हाही तो साइटवरच होता.

त्यानंतर अंग जड झालं. झोप संपायची नाही, केस हातात यायचे, पाळीचा काही भरवसा नाही. भाजी मार्केट हाकेच्या अंतरावर, तरी जायचं जिवावर यायचं. आई म्हणाली, हिला तिकडे करमत नाही. नवरा तेच म्हणाला, शेजारीणही तेच. मलाही पटायचं. खोटं कुठे होतं? दिवसच्या दिवस बोलायला माणूस नसायचं.

दिवस राहत नाहीत म्हणून शेवटी डॉक्टरकडे गेले. हैदराबादच्या बाई होत्या. माझ्याकडे बघून पहिलाच प्रश्न, "बेटा, ये स्वेटर किसलिए?" इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं, सगळे नुसते हसले होते. त्यांनी माझा गळा चाचपला, रक्त तपासायला पाठवलं. थायरॉइड मंद झालं होतं. ही गळ्यातली ग्रंथी सुस्तावली की पाळी बिघडते, दिवस राहत नाहीत, राहिले तरी कधी टिकत नाहीत, असं त्यांनी नीट समजावलं. मागचं त्यामुळेच गेलं का, मी विचारलं. असेलही, नक्की सांगता येत नाही, म्हणाल्या. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी, चहा नंतर. चहासाठी थांबणं ही मला शिक्षाच, पण मुकाट्यानं थांबले.

थंडी गेली. केस गळायचे थांबले. करमत मात्र अजूनही नव्हतं. म्हणजे ते दुखणं वेगळं होतं आणि त्यावर गोळी नव्हती.

पुढे दिवस राहिले. डॉक्टरबाईंनी लगेच डोस वाढवला. सुरुवातीला बाळ आईच्याच थायरॉइडवर वाढतं, म्हणाल्या, पुन्हा थंडी वाजली तर थांबू नकोस. सासूबाई म्हणाल्या, "आता गोळ्याबिळ्या बंद कर गं, बाळाला बाधतील." बरं म्हटलं आणि घेत राहिले.

एका दुपारी मेथी निवडताना हात गार पडले. जुलै महिना, एसी बंद. माझं धाबंच दणाणलं. नवऱ्याला फोन लावला, तर रेंज नाही. कपाटातून स्वेटर काढला, टॅक्सी केली. ड्रायव्हरला एसी बंद करायला लावला. बिचाऱ्यानं घामाघूम होत काचा खाली केल्या आणि माझ्या पोटाकडे बघून "इन्शाल्ला, इन्शाल्ला" म्हणत राहिला. मी मागे बसून रडत होते. मला कुणीतरी हवं होतं, आणि कुणीच नव्हतं.

पुन्हा तपासणी झाली, डोस आणखी वाढला. "बच्चा ठीक है ना?" मी विचारलं.

"अभी तो ठीक है."

त्या 'अभी'च्या आधारावर मी पुढचे महिने काढले. एकटीनंच.

कळा आल्या तेव्हा शेजारणीनं हॉस्पिटलला नेलं. नवरा पोचला तोवर मी लेकीला घेऊन घरी आले होते. आला तो धुळीनं माखलेला. दारातच उभा राहून तिच्याकडे बघत राहिला, डोळे पुसले, मग कपाळावरचा घाम. त्याची नजर सवयीनं भिंतीवरच्या एसीकडे गेली, आणि तिथेच थबकली.

"लाव की," मी म्हटलं. "आम्हा दोघींना उकडतंय."