खाली म्हणजे सकयल नव्हे

पार्सेच्या देवळात मी चाळीस वर्षं भजनात टाळ वाजवतो आहे, आणि सम कुठे येते हे मला गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. शेजारी बसणाऱ्या वसंताचा हात पडला की मी माझा पाडायचो. (वसंत आजारी पडला की त्या दिवशी मलाही ताप यायचा.)

आमची सून मनाली बेळगावकडची. गावच्या प्राथमिक शाळेत ती संगीत शिकवते, पण पेटी न उघडता. मुलं आठ मात्रा पावलांनी मोजत वर्गभर फिरतात आणि पहिल्या मात्रेला, म्हणजे समेला, पाय आपटतात. पालक कुरकुरू लागले, "पोरां शाळेत शिकाक येतत काय नाचाक?" हेडबाईंनी ठरवलं, शुक्रवारी स्वतः तास बघायचा, पटला नाही तर बंद.

गुरुवारी सून धड जेवली नाही. मला तिची दया आली, आणि दयेच्या भरात माणूस नको ते बोलून बसतो.

"मी येतंय गो मदतीक. चाळीस वर्सांचो टाळकरी फुडे आसलो काय सगळ्यांची तोंडां बंद."

"बाबा, जमतंय न्हवं तुम्हाला?"

"ताल माज्या रगतात आसा."

शुक्रवारी मला बत्तीस मुलांच्या रांगेत सगळ्यांत पुढे उभं केलं. प्रत्येकाचे हात पुढच्याच्या खांद्यावर. भिंतीकडेला पालक, मध्ये वही घेऊन हेडबाई. मनालीने टाळ्या देत मोजायला सुरुवात केली. मी सवयीने वसंताचा हात शोधला. समोर नुसता फळा.

"एक, दोन, तीन, चार, खाली!"

आता पाचवी मात्रा खाली, म्हणजे मोकळी. तिथे पाऊल आवाज न करता टाकायचं, हे दुसरीतल्या पोरांनासुद्धा पाठ होतं. आमच्याकडे खालीला सकयल म्हणतात. 'खाली' हा शब्द मी सुनेकडूनच शिकलो होतो, तोही "बाबा, खाली बसा, चहा देते" असा. मी मटकन बसलो.

माझ्या खांद्याला धरलेली मुलगी बसली, तिच्यामागचा बसला, आणि बघता बघता अख्खी रांग जमिनीवर! पालक फिदीफिदी हसायला लागले. मनालीचा चेहरा पांढरा पडला. गेला पोरीचा तास, आणि तोही माझ्यापायी.

पण तिच्या टाळ्या थांबल्या नाहीत. मुलं बसल्या बसल्या मोजत होती, "सहा, सात, आठ," आणि पुन्हा 'एक' येताच बत्तीसच्या बत्तीस जणांनी उठून पाय आपटला. मलाही काखेत धरून उठवलं होतं. एकही पाऊल मागे नाही, एकही पुढे नाही. तो एकच आवाज माझ्या तळव्यांतून छातीपर्यंत चढला आणि अंगावर काटा आला. चाळीस वर्षं दुसऱ्याच्या हातात शोधली ती सम ही होती. माझे डोळे भरून आले. (त्या भरात पुढच्या खालीला मी पुन्हा बसलो. मुलं तर तयारच होती.)

पालकांचं हसणं केव्हाच थांबलं होतं. हेडबाईंनी विचारलं, "हे खालीला बसणं कुठल्या पद्धतीतलं?"

मनाली खोटं बोलत नाही. "आमच्या बाबांचं आहे ते."

"चालू ठेवा तास," म्हणत बाईंनी वही मिटली.

आता भजनात वसंत माझ्या हाताकडे बघतो. देवळाच्या दिंडीत मात्र मला सगळ्यांत शेवटी चालवतात. खाली आली की माझ्यामागे कुणी बसायला नको, म्हणून.