साडूंनी बांधलेलं घर

लातुरात सगळ्या विषयांच्या शिकवण्या मिळतात. काळजी कशी करावी याची कुणी काढली, तर शिकवायला माझे साडूच लागतील. पेशाने इंजिनिअर. स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्यांसाठी त्यांनी अहमदपूरच्या रस्त्याला एक निवास बांधला आणि स्वतःची झोप घालवून बसले. काळी फरशी या म्हाताऱ्यांना खड्ड्यासारखी दिसते असं कळताच दारापुढची नवीकोरी फरशी उखडली. संडासाचं दार लांबून दिसावं म्हणून इतकं भडक पिवळं रंगवलं, की येणारा पाहुणा आधी तिकडेच वळतो. अधू नजरेला काय दिसतं हे बघायला चष्म्याला खोबरेल तेल फासून ते व्हरांड्यात फिरले आणि खांबावर आपटले. कपाळाला टेंगूळ, तरी म्हणाले, "बघा साडूभाऊ, भिंतीचा अन् खांबाचा रंग एकच. म्हातारं माणूस मेलंच असतं की!"

माझ्या आईला तिथं ठेवायची वेळ आली, तेव्हा मात्र मला थट्टा सुचेना. नांदेडच्या घरातून ती सारखी निघून जायची. एकदा एसटी स्टँडवर सापडली. निवासातही ती पिशवी काखेत धरून दाराशीच बसे. "लोकाच्या घरात किती दिस राहावं बाबा? येते मी." जेवणही पाहुणीसारखं, चतकोर भाकरी. ती खंगत चालली आणि मी धास्तावलो. साडूंनी फरशी, रंग, उजेड सगळं पुन्हा तपासलं. मग एका सकाळी तिला खोलीत बसवून ते बाहेर गेले आणि दार वाजवलं, "मावशी, हाय का घरात?"

आईने इकडेतिकडे पाहिलं. उत्तर द्यायला दुसरं कुणी नव्हतं. पिशवी खाली ठेवून ती उठली. "या की, बसा. लई दिवसांनी येणं केलंत. च्या सांगते."

त्या दिवशी ती पोटभर जेवली. साडूंनी लगेच प्रत्येक खोलीच्या दाराला बाहेरून वाजवायची कडी बसवली आणि कामाच्या माणसांना ताकीद दिली, "हाक मारल्याबिगर आत पाऊल टाकायचं न्हाई. घर त्यांचं हाय."

गेल्या रविवारी मी सरळ आत शिरत होतो, तर साडूंनी दंड धरून मलाही कडी वाजवायला लावली. आईने दार उघडलं. चेहरा भरला होता.

"या, बसा. कुण्या गावचे पाहुणे?"

"नांदेडचा."

"नांदेडला माझा ल्योक हाय. लई काळजी करतो. भेटला तर सांगा, आई आपल्याच घरात हाय म्हणावं."

"सांगतो," म्हणालो आणि कसाबसा चहा संपवला. बाहेर आलो, तर साडूंनी माझ्या चपला सरळ करून ठेवल्या होत्या. डोळे भरून आलेला माणूस अडखळतो, ही काळजीही त्यांनाच.