रस्त्यातले पाच घाट

माझी बदली होऊन आम्ही जबलपूरला आलो, तेव्हा नवऱ्याची सायकल सामानाच्या ट्रकमधून आली आणि विजय नगरच्या फ्लॅटच्या बाल्कनीत जाऊन उभी राहिली. तिच्यावर ओले टॉवेल वाळू लागले. साताऱ्यात हाच माणूस रविवारी उजाडायच्या आत निघून वाईचा पसरणी घाट चढायचा आणि दुपारी घरी येऊन दोन माणसांचं जेवायचा. मग हार्ट अटॅक आला, दोन स्टेंट बसले. वर्ष उलटल्यावर इथल्या डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं, आता सायकल चालवा, हळूहळू वाढवत न्या. नवऱ्याने मान हलवली आणि घरी येऊन टीव्ही लावला.

मला आजारी माणसाचा राग येत नाही, घाबरून बसलेल्याचा येतो. मी बँकेत माणसांकडून कामं काढून घेते, तर घरातला एक माणूस खुर्चीतून उठवता येऊ नये? मी स्वतःला गिअरची एक सायकल घेतली आणि सकाळी कॉलनीत फेऱ्या मारायला लागले, मुद्दाम आमच्या बाल्कनीखालून. नवरा ढिम्म हलला नाही. तेव्हा ठरवलं, थंडीत एक अख्ख्या दिवसाचा फेरा आखायचा. टेकड्या, नदीकाठ, सकाळी निघून सूर्य मावळायच्या आत घरी.

मदतीला शेजारचे काका आले. त्यांचं मराठी घराणं इथे किती पिढ्यांपासून आहे ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. तरुणपणी ते इथल्या, जबलपूरजवळच्या पाटणच्या शाळेत शिकवायला सायकलने जात. त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर रस्ता काढून दिला: इथून पाटण, पाटणहून शहपुरा, आणि परत येताना नर्मदेच्या कडेकडेने. नवरा लांबूनच बघत होता. तरी संध्याकाळी नवऱ्याने टॉवेल काढले आणि चेनला तेल घातलं. मला इतका आनंद झाला की आमटीत मीठ दोनदा पडलं.

दुसऱ्या दिवसापासून आमचा सराव सुरू झाला. आधी दहा किलोमीटर, मग वीस. दीड महिन्यात आम्ही पाटणपर्यंत जाऊन परत आलो. तारीखही ठरली. आणि एका सकाळी नवरा उठलाच नाही. गुडघा दुखतो म्हणाला.

चार दिवस मी तेल चोळलं, शेकायला पिशवी दिली. पाचव्या दिवशी बँकेतून लवकर आले तर हा माणूस दुधाची पिशवी घेऊन चार मजले टकाटक चढत होता. मग मात्र माझं डोकं फिरलं. जिन्यातच मी नवऱ्याला वाट्टेल ते बोलले. घरात आल्यावर त्यांनी दूध फ्रीजमध्ये ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "काका सांगून गेले, रस्त्यात पाच घाट आहेत. दोन तर चांगलेच उभे. पाचव्या घाटात मला काही झालं, तर तू एकटी काय करशील?"

मला आधी कळेचना. मग लख्ख कळलं आणि मी काकांना बोलावून आणलं. घाट म्हणजे नदीच्या पायऱ्या हे वाईकडच्या माणसाला शिकवायला नको. पण सायकलवाल्याच्या डोक्यात तो शब्द एकाच अर्थाने पक्का बसलेला असतो. काकांनी बोटांवर मोजून दाखवलं: भेडाघाट, सरस्वती घाट, लम्हेटा, तिलवारा, ग्वारीघाट. "अहो भाऊ, तुम्ही काहून घाबरून राहिले? पायऱ्या उतरायच्या, पाण्यात पाय सोडून बसायचं. सायकल तर वर उभी राहील." उभ्या होत्या त्या दोन घाटांच्या पायऱ्या. नवरा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. काका मात्र ओशाळले, आपल्यामुळे याचे पाच दिवस गेले असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. चहा पाजून मी त्यांना घरी पाठवलं.

घाटांचा गोंधळ मिटला, पण नवऱ्याने विचारलेला प्रश्न तसाच राहिला. एकटी काय करशील? मी खूप दिवस हुशारीने टाळलेला होता तो. आता टाळावासा वाटेना.

"काय करेन ते मला माहीत नाही," मी म्हणाले. "पण बँकेत फोन वाजला की वर्षभर माझे हात गार पडतात. तुम्ही इथे खुर्चीत असता आणि मी दूर कुणाच्या तरी कर्जाची फाइल बघत असते. मला त्याची जास्त भीती वाटते. सायकलवर निदान तुमच्या मागे दहा हातांवर असेन."

इतकं सरळ मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण भांडण सोडून मोठी वाक्यं आमच्यात फारशी होत नाहीत. त्यांनी कॅलेंडरचा तो कागद पुढे ओढला.

"मागे नको," ते म्हणाले. "तू पुढे चाल. मला तू दिसली पाहिजेस."

ठरल्या तारखेला आम्ही निघालो. शहपुरा सोडून नदीकडे वळलो तिथे एक चढ होता, काकांच्या कागदावर नसलेला. मला दम लागला, पाय भरून आले. मागे वळून बघायची फार इच्छा झाली. वळले नाही. त्यांच्या चेनचा आवाज येत होता, हळू, पण येत होता.