त्या देशातलं पाणी

पुस्तकाचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. नाव घेतलं की समोरचा लगेच म्हणतो, "हो हो, पाहिलंय!" आणि माझं डोकं फिरतं. पुस्तक पाहायचं नसतं बाबा, वाचायचं असतं. पण त्या बिचाऱ्याचाही दोष नाही. परदेशात कुणीतरी पणजोबांच्या काळात पोरांसाठी लिहिलेली ही कादंबरी आता सिनेमात आहे, कार्टूनमध्ये आहे. जळगावात मी शिकवते त्या शाळेतल्या निम्म्या दप्तरांवर तिच्यातला छत्रीवाला करकोचा आहे. मुक्ताईनगरच्या रस्त्यावर केळीच्या एका ट्रकच्या मागेही मी तो पाहिला, 'हॉर्न ओके प्लीज'च्या शेजारी, छत्री उघडून ऐटीत उभा.

गोष्ट साधी आहे. एक मुलगी विहिरीत उतरते आणि भलत्याच देशात निघते. हरवलेली माणसं तिथे राहतात. नियम एकच, तिथलं पाणी प्यायचं नाही. प्यायलं की माणूस घर विसरतो. मुलीचा हरवलेला भाऊ तहानेनं कासावीस होतो, पण पीत नाही, म्हणून ती त्याला परत आणू शकते. ज्यांनी पुस्तक हातातसुद्धा धरलेलं नाही त्यांच्याही तोंडी हा नियम बसला आहे. कुणी पुण्याला नोकरीला निघालं की आमच्याकडे म्हणतात, तिथलं पाणी पिऊ नको रे बाबा. मी लग्न होऊन निघाले तेव्हा माझा धाकटा भाऊही मला हेच म्हणाला आणि मग हमसून रडला.

त्याची बायको, माझी वहिनी, गेल्या हिवाळ्यात वारली. डोकं दुखतंय म्हणून दुपारची आडवी झाली ती उठलीच नाही. मागे राहिली माझी माय, भाऊ आणि त्याची नऊ वर्षांची लेक. तेरावं झाल्यावर मी भाचीला ते पुस्तक दिलं, माझ्या लहानपणचं, कव्हर निघालेलं. पोरगी कुणाशी बोलेना. निदान पुस्तकाशी तरी बोलेल, असं मला वाटलं.

बोलली ती. इतकी की फोनवर दुसरा विषयच नाही. एकदा तिनं विचारलं, "आत्या, तो भाऊ किती दिवस तहानेला राहतो?" पुस्तकात ते लिहिलेलं नाही, असं मी सांगितलं. पोरगी बारकाईनं वाचते याचा मला आनंदच झाला.

मग आखाजी आली आणि मी माहेरी गेले. अक्षय्य तृतीयेला आमच्या खानदेशात लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, पुरणपोळी नि आमरसावर ताव मारतात. त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांसाठी नवी मातीची घागर भरायची, तिच्यावर डांगर ठेवायचं, म्हणजे खरबूज, आणि नाव घेऊन त्यांना पाणी द्यायचं. वर्षात कुणी गेलं असेल तर त्याची ती पहिली घागर. ती भरली नाही तर तो जीव वर्षभर तहानेला फिरतो, असं माय मानते. एकाच अंगणात झोकाही आणि घागरही, याचं मला लहानपणापासून नवल वाटत आलंय.

त्या दिवशी पुरण शिजलं, नैवेद्याचा घास टाकायला निखारे तयार झाले, भाऊ अंघोळ करून बसला आणि घागरच सापडेना. भाचीही सापडेना.

मायनं तिथल्या तिथे निकाल लावला. "हे तुह्या पुस्तकाचं काम हाये. काल सांजीले मले म्हने, आईले पानी देऊ नका, पेली तं मंग वापस येनार नाही. जाय, सांग तिले, सारं खोटं हाये म्हना. माही सून तहानेली राहीन अन् तुम्ही पुस्तकं वाचत बसा!"

भाऊ डांगर या हातातून त्या हातात करत होता. "ताई, तूच जाय," तो म्हणाला. "मी गेलो तं एक तं रागावीन, नाही तं रडीन."

मला सगळ्यांचाच राग आला. मायचा आला, पुस्तकाचा आला, त्या करकोच्याचा तर फारच आला. खरं सांगायचं तर वहिनीचाही आला. असं न सांगता कुणी जातं का?

ऊन मी म्हणत होतं. घरामागच्या केळीच्या बागेत शिरले तेव्हा कुठे अंगाला जरा गारवा लागला. ठिबकच्या नळ्या चालू होत्या, बुंध्यांशी माती ओली होती. आतल्या एका ओळीत भाची बसली होती. मांडीवर रिकामी घागर, ओठ पांढरे पडलेले.

"आधी पाणी पी," म्हणत मी बाटली पुढे केली.

तिनं मान हलवली. "मी सकायपासून नाही पेली."

"का गं?"

"आई तहानेली कशी राहते ते पाहू राह्यली."

तिला एक ठेवून द्यावी असंही वाटलं आणि पोटाशी धरावं असंही. त्या उन्हाळ्यात सकाळपासून पाण्याचा थेंब नाही! मायनं सांगितलं होतं ते मी करून टाकलं. "ऐक माझं. ते पुस्तक खोटं आहे. कुणीतरी बसून रचलेली गोष्ट आहे ती. असा देश नाही कुठे. तुझी आई तिथे नाही."

इतक्या वर्षांत त्या पुस्तकाबद्दल मी असं कधी बोलले नव्हते.

मग तिनं सरळ माझ्याकडे पाहिलं. "मंग घागरीचं पानी आईपर्यंत जाते, ते खरं हाये का?"

आता काय सांगायचं? खोटं म्हणावं तर मायच्या हातून सुनेला पाणी पाजायची एकुलती एक वाट जाते. खरं म्हणावं तर मग तो देशही आलाच. वर्गात पोरांनी अडवलं तर वेळ मारून न्यायला मला येतं. इथे नाही आलं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

तिला ते पटलं असावं. खाली घागरीकडे बघत ती म्हणाली, "आत्या, तहान लय वाईट राहते. माहं तं एका सकायीतच डोकं दुखू राह्यलं. आई तं हिवाळ्यापासून..."

ती उठली, घागर कडेवर घेतली आणि घराकडे निघाली. मी बाटली घेऊन मागे. "अगं, एक घोट तरी घे!"

"पहिले तिले," ती म्हणाली.

घरात मायनं तोंड उघडलं, पण भावानं हातानंच तिला थांबवलं. घागर घरातल्या पुरुषानं भरायची आमच्याकडे रीत. त्यानं तांब्या लेकीच्या हातात दिला. मायनं पुढे होऊन माठावरचं झाकण काढलं. माठातून एकेक तांब्या आणून भाचीनं घागर भरली. स्वतःच्या ओठांवर कोरड होती आणि ती पाणी ओतत होती. भावानं वर डांगर ठेवलं आणि वहिनीचं नाव घेतलं.

भाची घागरीजवळ उकिडवी बसली, तोंड अगदी तिच्या काठाशी नेलं.

"पे आई," ती म्हणाली. "पोटभर पे. मले भुलली तरी चालीन."

मग तिनं तांब्या उचलला आणि ती घटाघटा पाणी प्यायली.