दगडावरची घासलेली जागा

भिवपुरीची वीज आमच्या कौलांवरून मुंबईला जायची. हवा दमट असली की तारांची गुणगुण घरात ऐकू यायची. घरात मात्र रॉकेलची चिमणी. आई वीटभट्टीवर, बाबा मोहोपाड्याला केमिकलचे ड्रम धुवायला. त्यांच्या हातांचा वास साबणानं जायचा नाही. जेवताना मी त्यांच्यापासून जरा सरकून बसायचे. आज लिहिताना लाज वाटते.

बारावीनंतर मी पुण्याला निघाले. घाट चढायला मागं जादा इंजिनं लावेपर्यंत गाडी कर्जतला थांबते. तेवढ्यात बाबा खिडकीशी येऊन म्हणाले, "शिक गं. पन आज्याचं नाव इसरू नको."

ते नाव गावानं पुसलं होतं. शाळेसमोर बेचाळीसच्या चळवळीचा दगड आहे, तुरुंगात गेलेल्या पाच जणांचा. सगळ्यात वर तात्यांच्या वडिलांचं नाव. तात्या तेव्हा सरपंच, दगड त्यांनीच बसवलेला. आजोबा त्यात नव्हते.

आजोबा जंगलात कोळसा पाडायचे. त्या साली विजेचे मनोरे पाडायला पोरं निघाली, तेव्हा करवतीचा हात म्हणून त्यांना नेलं. आवाज दबावा म्हणून करवतीला करंजाचं तेल चोपडायचे. पकडल्यावर त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही, मेव्हण्याचं सांगितलं. "तो आदल्याच वर्सी साप चावून गेलेला. मेलेल्याच्या घरी पोलिस काय शोदनार गं?" एवढं सांगून आजोबा पोट धरून हसायचे.

घर वाचलं, पण कागदावर आजोबा उरले नाहीत. मग तुरुंगातले ते सात महिने गावाबाहेर होते कुठं? तात्या सांगायचे, लाकूडचोरीत आत होता. सातवीत असताना मी झेंड्याखाली विचारलं, तर सगळ्या शाळेसमोर म्हणाले, "काय गं सुमे, आज्याचं नाव शोधतेस? जंगलखात्याच्या वहीत बघ की!" सगळे हसले. हे वाचणाऱ्या गावकऱ्यांनो, तुमच्यातले बरेच जण तिथं होते. कोण कोण हसलं, मला आठवतं.

पुण्यात लोक विचारतात, इतिहासच का घेतला? आवड म्हणून नाही. तात्यांसाठी घेतला. घराण्यात पहिली ग्रॅज्युएट झाले, जुन्या कागदपत्रांच्या ऑफिसात लागले. दिवसभर स्कॅनिंग, डबा खाताना तुरुंगाच्या नोंदवह्या. गावी सणाला यायचे, तात्यांच्या पाया पडायचे आणि मनात म्हणायचे, थांबा जरा.

अकरा वर्षांनी मेव्हण्याचं नाव सापडलं. गुन्हा: विजेचा मनोरा पाडणे. ओळखीची खूण: डाव्या करंगळीचं पेर नाही. बाबांच्या लग्नातल्या फोटोत आजोबा आशीर्वादाला दोन्ही हात उचलून उभे आहेत, डावी करंगळी अर्धीच. मग खालापूरला खेटे घालून मेव्हण्याच्या गावचं कोतवाल बुक काढलं. जन्ममृत्यूच्या त्या जुन्या वहीत मेव्हणा खरंच वर्षभर आधी वारलेला. मेलेला माणूस तुरुंगात कसा जाईल?

त्याच खटल्याच्या कागदांत अटकेचा पंचनामाही मिळाला. खाली पंचाची, म्हणजे पोलिसांच्या साक्षीदाराची सही होती, तात्यांच्या वडिलांची. तुरुंगाच्या वहीत ते कुठंच नव्हते.

झेरॉक्स घेऊन मी तात्यांच्या ओटीवर गेले. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. त्यांना हे माहीत होतं की नाही, ते चेहऱ्यावरून कळलं नाही. म्हणाले, "सुमे, तुज्या आज्याचं नाव उद्या कोरतो. माज्या बापाचं तेवढं झाकून ठेव."

"कोराच, तात्या. आणि पंधरा ऑगस्टला तुरुंगाची नोंद आणि पंचनामा, दोन्ही कागद माईकवर तुम्हीच वाचा. नाहीतर मी वाचीन."

त्यांनी वाचलं. मला दया आली नाही. बाबा पहिल्या रांगेत, इस्त्रीचा सदरा घालून, मान ताठ. या वेळी कुणी हसलं नाही.

वरचं नाव मशीननं घासून काढलं. तिथं फुलाची नक्षी करू म्हणाले. मी करू दिली नाही. ती पांढुरकी जागा तशीच राहू दे, पोरं विचारू देत.

पुण्यात माझा फ्लॅट आहे, दारावर माझ्या नावाची पाटी आहे. तरी कुणी घर कुठं विचारलं, की आता मी ठणकावून गावाचं नाव सांगते. आधी पुटपुटायचे. शाळेसमोरच्या दगडावर, शेवटच्या ओळीत, माझ्या आजोबांचं नाव आहे. त्यांचं स्वतःचं.