सावंत कोकणात कधी जाणार?

रिटायरमेंटला दोन वर्षं उरली की माणसाकडे किस्से साठायला लागतात. तीस वर्षं जो माणूस डब्यात भाजी कुठली यापलीकडे बोलला नाही, तो रोज काहीतरी सांगू लागतो. काल कुणाला फोन केला, कोण काय म्हणालं, बायको कशावर गप्प बसली. ऐकणारेही त्याच वयाचे असले की हसता हसता स्वतःची उरलेली वर्षं मोजायला लागतात.

मी इकडे, मोहालीला लागून असलेल्या सेक्टर ३९ मधल्या एका सरकारी संशोधन संस्थेत टेक्निकल ऑफिसर आहे. माहेर-सासर दोन्ही परभणीकडचं. दुपारी आम्ही तिघं मराठी माणसं एकत्र जेवतो. कुलकर्णी हे शास्त्रज्ञ, सोलापूरचे. आणि सावंत आमचे ग्लासब्लोअर, म्हणजे प्रयोगशाळेला लागणारी काचेची उपकरणं ज्योतीवर धरून, फुंकून बनवणारे. ते मूळचे देवगडजवळच्या एका गावातले. डबे उघडायचे ते सावंतांच्या वर्कशॉपमध्ये, कारण जानेवारीत आठवडा आठवडा ऊन दिसत नाही आणि सगळ्या इमारतीत बोटं उबदार राहतात ती फक्त त्यांच्या बर्नरपाशी.

*

सावंतांची बायको कमलेश पिंजौरची, पंजाबी. आम्ही तिला कमलेशवहिनी म्हणतो. तिचे गुडघे थंडीत इतके आखडतात की सकाळी पलंगावरून उठायला तिला दहा मिनिटं लागतात. सावंत तिला हॉस्पिटलात घेऊन गेले. डॉक्टर निघाले वर्ध्याचे. एक्स-रे पाहून ते मराठीत म्हणाले, गोळ्यांनी थोडा फरक पडेल, पण खरं तर ह्यांना उबदार हवा पाहिजे. मग सहज विचारलं, "गाव कुठलं तुमचं?"

"देवगड."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग अहो, माझ्याकडे कशाला आलात?"

बाहेर आल्यावर वहिनीने विचारलं, डॉक्टर काय म्हणाले. सावंतांनी सांगितलं, गोळ्या वेळेवर घ्यायच्या. पण तिने देवगड तेवढं बरोबर ऐकलं होतं. स्कूटरवर बसता बसता म्हणाली, "चलो फिर."

"कहाँ?"

"देवगड."

आम्हाला वाटायचं, कोकणातला माणूस, ह्यांनाच समुद्राची ओढ असणार. सावंत म्हणाले, उलटं आहे. मी एकोणिसाव्या वर्षी गाव सोडलं. इथे नळ गळला तर कुणाला बोलवायचं ते मला माहीत आहे. तिथे माझ्या ओळखीचे जे होते ते सगळे एक तर मुंबईत, नाहीतर वर.

*

कुलकर्ण्यांचा प्रश्न वेगळा. त्यांनी दोन वर्षांपूर्वीच रत्नागिरीजवळ फ्लॅट बुक केला होता, पाचवा मजला, समोर समुद्र. ब्रोशर त्यांनी आम्हाला इतक्यांदा दाखवलं होतं की त्यातल्या बाल्कनीतली वेताची खुर्चीसुद्धा माझ्या ओळखीची झाली होती. मग बाजार बसला. बिल्डर आधी फोनवर तारखा देत होता, नंतर त्याने फोन उचलायचं बंद केलं.

दिवाळीच्या सुट्टीत कुलकर्णी स्वतः बघायला गेले. तीन स्लॅब तेवढे टाकून झाले होते. दुसऱ्या मजल्यावर चार शेळ्या बसल्या होत्या. एक म्हातारा वॉचमन होता. त्याला कित्येक महिने पगार नव्हता, पण जायला दुसरी जागाही नव्हती. त्याने ह्यांना चहा दिला आणि मोठ्या अदबीने साइट दाखवली.

कुलकर्ण्यांनी विचारलं, समुद्र दिसतो ना इथून?

"हयसून नाय दिसत," म्हातारा म्हणाला. मग त्याने स्लॅबच्या वर, मोकळ्या आभाळाकडे बोट केलं. "पण तुमच्या घरातून दिसतलो."

आम्ही हसलो. कुलकर्णीही हसले. पण हप्ता अजून चालू आहे, आणि त्या दिवसापासून ब्रोशर वर्कशॉपमध्ये आलेलं नाही.

*

वहिनीने पाठ सोडली नाही, तेव्हा सावंतांनी गावी भावाला फोन केला. घर वडिलांचं, दोघांच्या नावावर. राहतो भाऊ. सावंत म्हणाले, रिटायर झाल्यावर आम्ही दोघं तिकडे यावं म्हणतो.

भाऊ खूश झाला. "येवा मरे. घर तुमचाच आसा. किती दिवस रवतलात?"

"कायमचे."

पलीकडून खोकल्याचा आवाज आला. मग भाऊ ओरडायला लागला, "हॅलो, हॅलो, रेंज गेली," आणि फोन बंद झाला.

सावंतांनी डब्यातला घास तोंडात घातला, सावकाश चावला आणि म्हणाले, "भावाकडे लँडलाइन आहे."

ते भावावर चिडले नव्हते. लागोपाठ दोन हंगाम त्याचा आंबा गेला होता आणि मुंबईतली नोकरी सुटून मुलगा घरी परत आला होता. म्हणाले, त्याच्या जागी मी असतो तर माझीही रेंज गेली असती.

*

सावंतांचा मुलगा निखिल मोहालीत एका कंपनीत होता. बायको, लहान मुलगी, सगळे सावंतांच्या सरकारी क्वार्टरमध्येच राहतात. त्याच्या कंपनीत माणसं कमी करताहेत अशी कुणकुण होती. सावंत रोज त्याच्या चेहऱ्याकडे बघत आणि काही विचारत नसत. मुलगा सकाळी लॅपटॉपची बॅग घेऊन बाहेर पडे, संध्याकाळी परत येई. सावंतांना वाटलं, चला, ह्याची तरी टिकली.

एका शनिवारी वहिनीने त्यांना पिंजौरला पाठवलं, माहेरी काहीतरी पोचवायचं होतं. तिच्या भावाचं तिथल्या बाजारात हार्डवेअरचं दुकान आहे. सावंत कालक्याच्या बसने गेले आणि दुकानात शिरले. काउंटरमागे एक माणूस खाली मान घालून वायर मोजत होता. मान वर न करताच त्याने विचारलं, "हाँजी, क्या चाहिए?"

निखिल होता.

मामाने कपाळाला हात लावला. मुलगा वायर हातात धरून उभाच राहिला. नोकरी जाऊन दोन महिने झाले होते. सावंतांनी काउंटरवरच्या डब्यांकडे पाहिलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून ते म्हणाले, "आधे इंच के क्लॅम्प. चार."

निखिलने क्लॅम्प मोजून कागदाच्या पुडीत बांधून दिले. सावंत पुडी घेऊन परतीच्या बसमध्ये बसले. संध्याकाळी मुलगा नेहमीच्या वेळेला घरी आला, बॅग खुंटीला लावली. सावंत त्याला एवढंच म्हणाले, "सोमवारपासून लॅपटॉप नेऊ नकोस. वजन होतं."

हे सावंतांनी आम्हाला डबा खाताना सांगितलं. कुलकर्ण्यांनी उठून सगळ्यांसाठी चहा आणला, जे ते कधी करत नाहीत.

*

मी हे घरी सांगितलं. मला अजून चार वर्षं आहेत, पण आमच्या ह्यांचं आतापासूनच चालू असतं, अलिबागला जाऊ, नाहीतर गोव्यात भाड्याने राहू. आमची मुलगी बंगळुरूला असते. तिला मराठी सगळं कळतं, बोलते हिंदीत. व्हिडिओ कॉलवर बापाचे बेत तिने ऐकून घेतले आणि विचारलं, "पापा, मेरी जॉब गई तो मैं किस घर आऊँगी?"

ह्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला आणि कुकरची शिट्टी झाली का ते बघायला गेले. कुकर लावलेलाच नव्हता.

*

सावंतांच्या रिटायरमेंटला महिना उरला, तेव्हा संस्थेने विचारलं की वर्षभर कंत्राटावर थांबाल का. नवीन माणूस नेमायला मंजुरी नव्हती आणि काच फुंकणारं दुसरं कुणी नव्हतं. सावंत बाहेर येऊन आम्हाला म्हणाले, चिंता आहेच, पण खरं सांगू का, मला हायसं वाटलं. आता बायकोला सांगायला कारण आहे.

घरी त्यांनी सगळं मुद्देसूद मांडलं. निखिलचं अजून मार्गी लागलेलं नाही. क्वार्टर सुटणार, भाड्याचं घर बघायचं. नातीची शाळा. एक वर्ष काढू, पुढच्या वर्षी नक्की जाऊ.

वहिनी कणीक मळत होती. म्हणाली, "अगला साल आपने देखा होगा जी. मेरे घुटनों ने नहीं देखा."

हात धुऊन तिने स्वतः देवगडला फोन लावला आणि सरळ जावेला फोनवर बोलवायला सांगितलं. जाऊबाई हिंदी बोलतात ती टीव्हीवरून शिकलेली. त्यांनी विचारलं, कितने दिन? वहिनी म्हणाली, ठंड जाने तक. जाऊबाई म्हणाल्या, आओ. जे दोन भावांना वर्षभर जमलं नव्हतं ते दोन जावांनी पाच मिनिटांत ठरवलं.

नोव्हेंबरात ती एकटी गेली. साठीला आलेली बाई, जिने समुद्र लग्नानंतर दोनदाच पाहिला होता. सावंत भाड्याच्या घरी मुलाच्या कुटुंबासोबत राहिले. रोज संध्याकाळी ते तिला फोन करायचे. पहिल्या आठवड्यात ती सांगायची, इथे सगळ्यात नारळ, चपलांत वाळू शिरते, कुणाचं बोलणं कळत नाही. सावंत दुसऱ्या दिवशी आम्हाला ते जवळजवळ आनंदाने सांगायचे. डिसेंबरात ती सांगायला लागली की आज उतारावरून एकटी खाली जाऊन आले. जानेवारीत तीन-चार वेळा तिने फोनच उचलला नाही. जाऊबाईंनी सांगितलं, वाडीतल्या बायकांबरोबर कुठेतरी हळदीकुंकवाला गेली आहे. सावंत डबा न संपवता झाकण लावायचे.

*

मार्चमध्ये इकडची थंडी ओसरली. सावंत सुट्टी घेऊन तिला आणायला गेले. येतानाची दोन तिकिटं त्यांनी आधीच काढली होती, समोरासमोरचे बर्थ.

ते म्हणतात, चार दिवस ती नेहमीसारखीच होती. स्वयंपाक करत होती, जावेशी हसत होती. गुडघ्याचं विचारलं तर उठून चालून दाखवत होती. निघायच्या दिवशी तिनेच सगळं सामान भरलं. भाऊ रिक्षाने दोघांना स्टेशनवर सोडून गेला.

इकडे येणारी गाडी तिथे दोनच मिनिटं थांबते. वहिनी म्हणाली, आप पहले चढ़ो जी, सामान मैं देती हूँ. सावंत चढले. तिने खालून एकेक करून दिलं. त्यांची बॅग. नातीसाठी खाऊची पिशवी. निखिलसाठी लोणच्याची बरणी, जुन्या साडीत गुंडाळलेली. सावंतांनी सगळं आत सरकवलं आणि तिला वर घ्यायला हात पुढे केला.

ती दोन पावलं मागे सरकून उभी होती. तिच्या हातात काही नव्हतं. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की दिलेल्या सामानात तिची बॅग नव्हतीच.

गाडी हलली. लग्नाला चौतीस वर्षं झाली, ती सावंतांशी कधी मराठीत बोलली नव्हती. पदर डोक्यावर घेऊन ती म्हणाली, "पोचल्यार फोन करा."

सावंत दारात उभे राहिले, स्टेशन दिसेनासं होईपर्यंत. मग जागेवर येऊन बसले. थोड्या वेळाने टीसी आला. त्याने चार्ट पाहिला, समोरचा रिकामा बर्थ पाहिला आणि विचारलं, "दूसरी सवारी कहाँ है?"

सावंत खिडकीबाहेर बघत म्हणाले, "वो तो पहुँच गई जी."